घंटा कोणी वाजवायची?

पुण्याच्या कोथरूड-बाणेरपासून नाशिकच्या इंदिरानगरपर्यंत आज अशी असंख्य घरे आहेत, की जिथे मुलगा, लेक, सून किंवा जावई सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आठवड्यातले निदान दोन-तीन दिवस घरूनच काम करतो. या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. 'तासभर बघतेय, नुसता स्क्रीनकडे टक लावून बसलाय. एक अक्षर टाइप केलं नाही. आणि जेवायला हाक मारली तर खेकसतो.'

तक्रार खोटी नाही. आईवडिलांच्या पिढीने काम पाहिले ते हाताचे, नाहीतर फायलींचे. कारकून लिहिताना दिसे, शिक्षक बोलताना दिसे, लेथवरचा कामगार घाम पुसताना दिसे. माणसाकडे पाहिले की त्याचे काम कळत असे. या नव्या धंद्यात मात्र कामाचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही, आणि जो दिसतो तो पुष्कळदा काम नसून कामात आलेला व्यत्यय असतो. भराभर टाइप करणारा प्रोग्रामर बहुधा प्रोग्राम लिहीत नसतो. कुणाच्या तरी निरोपाला उत्तर देत असतो.

मग तासभर गप्प बसलेला माणूस करतो तरी काय? समजा, बँकेच्या व्याजाच्या हिशेबात एक लहानसा बदल करायचा आहे. तोच आकडा प्रोग्राममध्ये आणखी नऊ ठिकाणी वापरलेला आहे. त्यातल्या दोन ठिकाणी व्याज दिवसांवर मोजले जाते, बाकीच्या ठिकाणी महिन्यांवर. लीप वर्ष असले तर? खातेदाराने मुदतीआधी पैसे काढले तर? दोन शाखांतून एकाच क्षणी एकाच खात्याला हात लागला तर? या सगळ्या शक्यता एकाच वेळी डोक्यात उभ्या कराव्या लागतात, तेव्हा कुठे एक ओळ बदलता येते. येवल्याच्या मागावर पदरातला मोर भरणारा विणकर धाग्यांची मोजणी मनात धरून बसलेला असतो. मध्येच कोणी 'चहा घेता का?' विचारले तर चहा मिळतो, मोजणी जाते. प्रोग्रामरचे असेच आहे. फक्त त्याचा माग आणि पदर, दोन्ही अदृश्य आहेत.

माणसाची तात्पुरती स्मृती मुळातच लहान. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सात, दोन कमी किंवा दोन जास्त, अशी सांगितली. पुढच्या संशोधकांनी ती आणखी खाली, चारच्या आसपास आणून ठेवली. एवढ्याशा ओंजळीत आपण दिवसभर काय काय ओतत असतो! कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात कार्यालयांमध्ये माणसांच्या मागे बसून, हातात घड्याळ घेऊन, कोण कोणत्या कामावर किती वेळ टिकतो याच्या नोंदी केल्या. मध्येच सुटलेले काम त्याच दिवशी पुन्हा हाती घेतले गेले तरी दरम्यान सरासरी वीस मिनिटांहून अधिक वेळ गेलेला असतो, आणि तेवढ्यात दुसरी दोन कामे मध्ये घुसलेली असतात, असे त्यांना दिसले. त्यांचा २००८ सालचा एक प्रयोग तर अधिक बोलका आहे. व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उशिरा नव्हे, उलट लवकर संपवले. पण त्याची भरपाई त्यांनी ताण आणि चिडचिड या रूपाने केली. वरच्या तक्रारीतल्या 'खेकसतो' या शब्दाचे मूळ इथे सापडावे.

पॉल ग्रॅहम या अमेरिकन प्रोग्रामरने २००९ साली एका छोट्या निबंधात हे भांडण घड्याळांचे आहे, असे दाखवून दिले. व्यवस्थापकाचा दिवस तासातासांचा बनलेला असतो. दहा ते अकरा एक बैठक, अकरा ते बारा दुसरी. प्रोग्रामरचा, लेखकाचा दिवस अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांचा असतो. दुपारी तीनला ठेवलेली अर्ध्या तासाची बैठक व्यवस्थापकाचा अर्धा तास घेते आणि प्रोग्रामरची सबंध दुपार. कारण ती बैठक तीनला आहे हे ठाऊक असल्यामुळे दोन वाजता कुठल्याच अवघड कामाला हात घालवत नाही.

आपल्याकडे यात भर पडते ती पृथ्वीच्या गोलपणाची. न्यूयॉर्क आणि पुणे यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेते, आपण घेत नाही. त्यामुळे तिकडे सकाळी दहाला ठेवलेली बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात रात्री साडेआठला, म्हणजे नेमकी पाने मांडायच्या वेळी येते. कॅलिफोर्नियाचा ग्राहक असला तर आणखी तीन तास पुढे. सकाळी दहाची 'स्टँडअप' इथल्या चमूबरोबर, रात्रीचा 'कॉल' तिथल्या साहेबाबरोबर, आणि मधल्या वेळात चॅटवरच्या खिडक्या, तिकिटे, ईमेल. पाळीपाळीने 'ऑन-कॉल'चा आठवडा आला की उशाशी फोन. पहाटे तीनला कुठलासा सर्व्हर आजारी पडला तर उठायचे. घरात सून असेल तर याच फोनवर शाळेच्या पालकांचा गट, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा गट, माहेरचा गट आणि सासरचा गटही असतो. आणि सासरच्या गटावरच्या 'सुप्रभात'ला उत्तर दिले नाही तर ते लक्षात ठेवले जाते, हे सगळ्याच घरांना माहीत आहे.

या पुरातून बाहेर पडण्याचे उपाय सांगणाऱ्यांची आज काही कमतरता नाही. सकाळी तासभर फोन बघू नका, रविवारी उपास करावा तसा फोनचा उपास करा, वगैरे. उपासाविषयी काही म्हणायचे नाही. पण एकादशीनंतर द्वादशी येतेच. त्यापेक्षा ज्यांनी ही यंत्रे घडवली त्या माणसांनी स्वतःपुरती काय व्यवस्था केली, आणि खुद्द यंत्रे गळ्यापर्यंत माहिती आली की काय करतात, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

डोनाल्ड कनूथ हे या क्षेत्रातले भीष्माचार्य. (नावातला 'क' उच्चारायचा, असे ते आवर्जून सांगतात.) जन्म १९३८ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठात ते प्राध्यापक होते. प्रोग्रामिंगच्या कलेवरचा आपला ग्रंथ त्यांनी १९६२ साली लिहायला घेतला, पहिला खंड १९६८ साली आला. १९७४ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७७ साली त्यांनी आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली आणि अक्षरजुळणीचा दर्जा पाहून ते इतके नाराज झाले, की ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचाच प्रोग्राम लिहायला घेतला. तो 'टेक' या नावाने जगभर गणिताच्या छपाईसाठी वापरला जातो. वर्षभराचे वाटलेले ते काम जवळजवळ दहा वर्षे चालले.

या गृहस्थांनी १ जानेवारी १९९० पासून ईमेल बंद केले. ईमेल म्हणजे काय हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊकही नव्हते, तेव्हा ते पंधरा वर्षे वापरून त्यांचे पोट भरले होते! भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्यांचे काम सगळ्या घडामोडींच्या वर राहण्याचे आहे त्यांना ईमेल उत्तमच आहे, माझे काम गोष्टींच्या तळाशी जाण्याचे आहे, आणि त्याला लांबलचक, अखंड वेळ लागतो. त्यांना लिहायचे तर टपालाने लिहायचे. आलेली पत्रे साठवून ठेवली जातात आणि काही महिन्यांतून एकदा ते त्यांचा गठ्ठा हातावेगळा करतात. ग्रंथातली चूक दाखवून देणाऱ्याला मात्र ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देत आले. बक्षिसाचा धनादेश सहसा कोणी वटवत नसे, चौकट करून भिंतीवर लावत असे; पुढे २००८ साली बँक खात्यांतल्या फसवणुकीच्या भीतीने त्यांनी खरे धनादेश थांबवून एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. ग्रंथाचे काम अजून संपलेले नाही. चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ साली आला, तेव्हा त्यांचे वय ८४ होते.

यात तऱ्हेवाईकपणा जरूर आहे. पण गठ्ठ्याने काम करण्याची ही पद्धत त्यांनी संगणकाकडूनच उचलली आहे. जुन्या संगणक केंद्रांत छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे खिडकीत द्यावे लागत आणि यंत्र ते एकामागून एक उरकत असे. आपल्या कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवालाही हेच करतो. गव्हावर गहूच टाकतो. मध्ये ज्वारीचा डबा आला तर 'ठेवून जा, संध्याकाळी या' म्हणतो. ग्राहकाचा अपमान करावा म्हणून नव्हे, तर पीठ मिसळू नये म्हणून.

अर्थात कनूथ यांना हे जमले याचे एक कारण असे, की टपाल चाळायला त्यांच्या दिमतीला सचिव होते आणि नोकरीवरून काढून टाकण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. हिंजवडीच्या बसमध्ये उभ्याने जाणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीने 'मी ईमेल वाचत नाही' असे जाहीर केले तर तिचे काय होईल, हे सांगायला नको. म्हणून दुसरे उदाहरण पाहू. लिनक्स ही संगणक प्रणाली १९९१ साली सुरू करणारे लिनस टॉर्व्हाल्ड्स यांचा दिवस उलट ईमेलमध्येच जातो. आपण आता प्रोग्राम फारसे लिहीत नाही, मुख्यतः पत्रे वाचतो आणि उत्तरे देतो, असे ते स्वतःच सांगतात. जगभरातून हजारो माणसे त्या प्रणालीत बदल सुचवत असतात. ते सारे थेट त्यांच्याकडे आले तर त्यांचे डोके फुटेल. म्हणून महसूल खात्यासारखी उतरंड आहे. तलाठ्याने पाहायचे, मग मंडल अधिकाऱ्याने, मग तहसीलदाराने. प्रत्येक विभागाचा एक राखणदार असतो आणि टॉर्व्हाल्ड्स हे प्रत्येक ओळ न वाचता त्या राखणदारावर विश्वास टाकतात. शिवाय प्रत्येक आवृत्तीच्या सुरुवातीला नवे बदल स्वीकारण्याची खिडकी दोन आठवडे उघडी असते. मग ती बंद होते आणि पुढचे सात-आठ आठवडे फक्त चुका दुरुस्त होतात. उशीर झाला तर पुढच्या सुगीला या. एकाने दार लावून घेतले, दुसऱ्याने दारावर माणसे बसवली आणि वेळ ठरवून दिली. आपल्या कार्यालयांत बहुतेक ठिकाणी यांपैकी काहीच नसते. दार सताड उघडे आणि आत येणारा प्रत्येक जण 'अर्जंट'.

आता यंत्रांकडे वळू. २० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचे यान चंद्रावर उतरत होते. पृष्ठभाग सुमारे दहा किलोमीटर खाली असताना यानातल्या संगणकाने धोक्याची सूचना दिली: १२०२. थोड्या वेळाने पुन्हा. मग १२०१. त्या संगणकाची खोडता-लिहिता येणारी स्मृती अवघी दोन हजार शब्दांची होती आणि कायमची कोरलेली सुमारे ३६ हजार शब्दांची. आजचे साधे धुलाई यंत्रही त्याला लाजवील. झाले असे होते, की उतरताना ज्याची गरजच नव्हती असा एक रडार चालू होता आणि विजेच्या जोडणीतल्या एका विसंगतीमुळे तो संगणकाकडे दर सेकंदाला हजारो निरर्थक ठोके पाठवत होता. प्रत्येक ठोका मोजण्यात संगणकाचा थोडा थोडा वेळ जाई. ती मोजणी फार अवघड नव्हती, पण तिच्यापायी उतरण्याच्या हिशेबाला वेळ पुरेना.

या क्षणी दुसरे एखादे यंत्र गोठून गेले असते. हा संगणक मात्र हॅल लॅनिंग यांनी मांडलेल्या प्राधान्यक्रमाच्या तत्त्वावर चालत होता. मार्गारेट हॅमिल्टन ज्यांच्या प्रमुख होत्या त्या एमआयटीच्या प्रोग्रामरांनी प्रत्येक कामाला आधीच दर्जा लावून ठेवला होता. यान सावरणे आणि इंजिन चालवणे पहिले, पडद्यावरचे आकडे बदलणे नंतरचे. डोईजड झाले तसे संगणकाने सगळे खाली ठेवले, क्षणात पुन्हा सुरुवात केली, आणि फक्त महत्त्वाची कामे उचलली. त्याने '१२०२' म्हणून जे सांगितले त्याचा अर्थ 'मी कोलमडलो' असा नव्हता. 'सगळे जमत नाही, जे टाळता येईल ते टाळतो आहे', असा होता.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यानात नव्हे, ह्यूस्टनमध्ये घडला. उड्डाणाच्या थोडे दिवस आधी एका सरावात अशीच एक सूचना आली होती आणि नियंत्रकांनी घाबरून मोहीम सोडून देण्याचा हुकूम दिला होता. तो चुकीचा होता. त्यानंतर जॅक गार्मन या २४ वर्षांच्या अभियंत्याने सगळ्या शक्य सूचनांची यादी हाताने लिहून काढली: ही आली तर थांबायचे, ही आली तर दुर्लक्ष करायचे. प्रत्यक्ष दिवशी १२०२ वाजताच त्याने यादी पाहून सांगितले, आणि २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांनी पुढे जाण्याचा हिरवा कंदील दाखवला. सगळे निर्णय काही सेकंदांत झाले, कारण खरा निर्णय आधी, शांतपणे, टेबलावर बसून झाला होता. कोणती घंटा ऐकायची हे घंटा वाजत असताना ठरवता येत नाही.

दुसरे उदाहरण इतके रोमहर्षक नाही, पण घरगुती आहे. संगणकाच्या जाळ्यावरून माहितीचे पुडके आले की ते संगणकाची कडी वाजवते. संगणक हातातले काम टाकून दाराशी जातो आणि पुडके आत घेतो. पुडकी कधीमधी येत होती तोवर हे ठीक होते. ती झपाट्याने येऊ लागली तसे संगणक दिवसभर दाराशीच उभे राहू लागले. पुडकी आत येत, पण ती उघडायला वेळ उरत नसे, आणि शेवटी जागा नाही म्हणून ती फेकून द्यावी लागत. यंत्र बंद पडलेले नसे; जिवापाड राबत असे; फक्त काम शून्य. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोन संशोधकांनी १९९६ साली यावर उपाय मांडला. गर्दी वाढली की कडी काढून ठेवा. दाराशी काय आले ते यंत्राने स्वतःच्या सवडीने, ठराविक काळाने जाऊन बघावे, आणि एका खेपेला ठरावीक पुडक्यांपेक्षा जास्त आणू नयेत. पुढे लिनक्समध्येही याच धर्तीची व्यवस्था आली. आज आपण जे पडद्यावर पाहतो ते जिथून येते त्या सर्व्हरांपैकी असंख्य सर्व्हर असेच, कडी काढून ठेवून काम करतात. आणि ते सर्व्हर सांभाळणारा माणूस मात्र प्रत्येक टिंगेला उठतो, हे जरा विचित्रच म्हणायचे.

पण प्रश्न नुसता घेणाऱ्याचा नाही, पाठवणाऱ्याचाही आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. जुन्या काळी निरोपाची किंमत पाठवणारा मोजत असे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे क्रियापदे गाळत. दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांसाठी ठरीव मजकुरांना क्रमांक दिलेले होते. क्रमांक सांगितला की काम स्वस्तात भागे. ट्रंक कॉल करताना तीन मिनिटांवर लक्ष असे. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर हिशेब पूर्ण उलटला होता. आज पाठवणाऱ्याला काहीच पडत नाही. एका बोटाने दोनशे माणसांना निरोप जातो. किंमत ती दोनशे माणसे मोजतात. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच हा धोका ओळखला होता. माहिती काहीतरी खाते, आणि ती जे खाते ते म्हणजे घेणाऱ्याचे लक्ष. म्हणून माहितीची सुबत्ता आली की लक्षाचे दारिद्र्य आलेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले; शिवाय यंत्राला विचार करायला शिकवू पाहणाऱ्या पहिल्या चार-दोन माणसांत ते होते. लक्ष ही टंचाईची वस्तू आहे, हे एका अर्थशास्त्रज्ञाने म्हणावे यात अर्थ आहे.

हे दारिद्र्य केवळ चिडचिडीवर थांबत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातली. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्या पुढे पाठवणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे आपल्यासारखेच घरगुती लोक असणार. नातवंडांच्या काळजीने, 'खरं असेल-नसेल, सांगून ठेवलेलं बरं' म्हणून बोट दाबणारे. दिवसाला शंभर निरोप येत असतील तर एकेक थांबून कोण वाचतो? थांबून वाचण्याची सवय गेली, की खरे-खोटे करण्याची सवयही तिच्यापाठोपाठ जाते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंदी घातली. जानेवारी २०१९ मध्ये हा नियम जगभर लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवांच्या काळात, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि असे निरोप ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे कंपनीनेच जाहीर केले. कुणाला बंदी केली नाही, कुणाला उपदेश केला नाही. पाठवणाऱ्याला फक्त चार बोटे जास्त हलवायला लावली. तारेच्या शब्दामागे पैसे पडत त्याचाच हा दूरचा वंशज. मग हे राईनपाड्याच्या आधी का सुचले नाही, असे त्या कंपनीला विचारले पाहिजे. निरोप जितके जास्त धावतील तितका धंदा वाढतो, हे उत्तर उघडच आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे निरोप लिहिण्याचे कष्टही उरलेले नाहीत. 'कर्ल' नावाचा एक प्रोग्राम आहे; आपल्या फोनपासून मोटारीपर्यंत असंख्य यंत्रांत तो मुकाट्याने काम करतो. डॅनियल स्टेनबर्ग हे स्वीडनमधले प्रोग्रामर १९९८ पासून तो या नावाने सांभाळत आले आहेत. त्यातल्या सुरक्षेच्या चुका कळवणाऱ्याला बक्षीस असे. यंत्राकडून लिहून घेतलेल्या, दिसायला विद्वत्ताप्रचुर आणि आत पोकळ अशा तक्रारींचा २०२५ साली त्यांच्याकडे इतका लोंढा आला की खऱ्या तक्रारी शोधणे मुश्कील झाले. एक तक्रार बनवायला पाठवणाऱ्याला मिनिट लागते, ती खोटी आहे हे ठरवायला जाणत्या माणसाचे तास जातात. स्टेनबर्ग यांनी मग तक्रारीच्या अर्जात एक प्रश्नच घातला: हे शोधताना किंवा लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली आहे का? पाठवणाऱ्यावर थोडा भार टाकण्याचा हाही एक मार्ग. आपल्या मुलामुलींच्या कार्यालयांतही आता यंत्राने लिहिलेला प्रोग्राम वाचून तपासण्याचे काम वाढते आहे, आणि वाचणे हे लिहिण्यापेक्षा हलके असते हा समज चुकीचा आहे.

तेव्हा 'स्वतःला शिस्त लावा' एवढे सांगून नोकरदाराला घरी पाठवणे हा अन्याय आहे. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१७ पासून, पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरच्या निरोपांविषयी कर्मचाऱ्यांशी बोलणी करणे बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत याच स्वरूपाचे खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयक संसदेत शेवटचे मंजूर झाले ते १९७० साली. त्यामुळे त्याचे काय झाले हे वेगळे सांगायला नको. बारा तासांच्या अंतरावरच्या ग्राहकासाठी काम करणाऱ्या धंद्यात असा कायदा जसाच्या तसा चालणार नाही, हे कंपन्यांचे म्हणणे मान्य करता येईल. पण रात्रीच्या बैठकीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी देणे, 'ऑन-कॉल'च्या आठवड्याचे वेगळे पैसे मोजणे, दुपारचे सलग तीन तास बैठकींपासून राखून ठेवणे, याला ना संसद लागते ना अमेरिकेची परवानगी. रात्री दहाला निरोप पाठवणाऱ्या साहेबाला त्याची किंमत पगारपत्रकात दिसू लागली, तर पुष्कळ निरोप सकाळपर्यंत थांबू शकतात असा शोध त्याला आपोआप लागेल.

घरातही गार्मनची यादी करता येते. ती जेवणाच्या टेबलावर, सगळे समोर असताना करावी: दार लावलेले असताना कशासाठी ठोकायचे, कशासाठी नाही. बाबांच्या छातीत दुखले तर ठोकायचे. गॅसचा सिलिंडर आला तर आपणच घ्यायचा. 'भाजी कुठली करू?' हे दुपारी विचारायचे. कानात हेडफोन आहेत म्हणजे दार लावलेले आहे, हे आजीला एकदा समजावून सांगितले की कळते. फक्त सांगावे लागते. आणि ज्याचे दार आपण सांभाळतो त्याने बाहेर आल्यावर फोन खिशात ठेवावा, एवढी अट सुनेने किंवा सासूने घालायला हरकत नाही.

अनेक घरांनी एक संकेत आपोआप शोधून काढला आहे. फोन एकदा वाजून थांबला तर सवडीने पाहायचा, लागोपाठ दुसऱ्यांदा वाजला तर असू तिथून उचलायचा. फोन बनवणाऱ्यांनीही तो आता यंत्रात घातला आहे. आवाज बंद ठेवलेला असला तरी, सोय चालू केलेली असली, तर त्याच नंबरावरून आलेला दुसरा फोन वाजतो. आयफोनवर तो तीन मिनिटांच्या आत यावा लागतो, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत. ही सोय चालू करायला मिनिटसुद्धा लागत नाही. गावी एकटे राहणाऱ्या वडिलांना मात्र ती समजावून सांगावी लागेल, नाहीतर पहिला फोन उचलला नाही म्हणून ते दुसरा करायचे नाहीत.